चौतीस सेंटिमीटर

एम.एस्सी.चा निकाल लागल्यावर पहिल्याच रविवारी बाबा मला लासलगावला चिमाआबांकडे घेऊन गेले. पेढ्यांचा पुडा त्यांनी सबंध प्रवासात मांडीवर धरून ठेवला होता.

चिमाआबा आमच्या नात्यातले नाहीत. बाबा विशीत असताना एका मोजणीच्या ठेकेदाराकडे खलाशी होते आणि चिमाआबा त्याच तुकडीत लेव्हल बघायचे. लेव्हल म्हणजे तिपाईवर बसवलेली दुर्बीण. खलाशानं चार मीटरची, आकडे रंगवलेली लाकडी पट्टी ठरलेल्या जागी सरळ उभी धरायची. तिला स्टाफ म्हणतात. दुर्बिणीतून बघणाऱ्यानं स्टाफवरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. अशा आकड्यांच्या बेरजा-वजाबाक्या करत जमिनीची उंची एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतात. दोघांमध्ये अंतर असतं, हाक पोचत नाही, म्हणून हाताच्या खुणा असतात. स्टाफ बरोबर जागी ठेवला की खलाशी हात सरळ वर करतो. आकडा वाचून झाला की दुर्बिणीजवळचा माणूस तळहात उंच नेऊन सावकाश खाली आणतो. वाचलं, आता तू निघ. लहानपणी मला शाळेच्या बसमध्ये बसवल्यावर बाबा रस्त्यावरून हीच खूण करायचे.

बाबांनी ते काम पुढे सोडलं आणि एकलहऱ्याच्या वीज केंद्रात राखेच्या पाइपांवर कंत्राटी कामगार म्हणून तीस वर्षं काढली. चिमाआबांनी काम सोडलं नव्हतं, त्यांना काढलं होतं. त्यांनी एक आकडा चुकीचा वाचला, त्यामुळे कालव्याच्या एका चारीत पाणी चढलं नाही, असं ठरलं. त्यानंतर त्यांच्या हातात कुणी दुर्बीण दिली नाही. ते लासलगावच्या कांदा मार्केटात हमाली करायला गेले आणि तिथलेच झाले. बाबा महिन्यातून एकदा त्यांना भेटायला जातात. एकदाही चुकलेलं मला आठवत नाही.

दारात त्यांच्या सूनबाई लताबाई उभ्या होत्या. "जय भीम काका. या. आबा सकाळपासून चष्मा पुसत बसलेत. दिसत काही नाही, पण काच चकचकीत पाहिजे."

"काचबिंदू डोळ्यात झालाय, काचेत नाही," आतून आवाज आला. "सहादू, पोरगी आली का?"

मी पाया पडायला वाकले तर त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. "वाकायचं नाही कुणापुढं. बापानं शिकवलं नाही? मी तुझ्या बापाला शिकवलं होतं." मग त्यांनी पेढ्याचा एक तुकडा तोंडात टाकला. "कशात पास झालीस?"

"भूशास्त्रात."

"म्हणजे दगडात."

"हो, दगडात."

"मग माझ्या दगडाचं बघ."

त्यांनी खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली आणि न चाचपडता एक वही काढली. कापडी पुठ्ठ्याची मोजणीची वही. कामावरून काढलं त्या दिवशी ठेकेदारानं ती त्यांच्या अंगावर फेकली होती. "पान सतरा," ते म्हणाले. मी पान उघडलं. शाई तपकिरी झाली होती, अक्षर मात्र छापल्यासारखं होतं. पहिल्या ओळीत जागेचं नाव होतं, निशाणखडक. त्याच्यापुढे आकडा होता, १.२४५.

निशाणखडकाबद्दल मी बाबांकडून पूर्वी ऐकलं होतं. दीडेकशे वर्षांपूर्वी मोजणीदारांची पहिली तुकडी या मुलखात आली, तेव्हा तिनं समुद्राची पातळी धरून टप्प्याटप्प्यानं उंची इथवर आणली आणि डोंगराच्या सोंडेवरच्या एका खडकात खूण कोरली. एक चौकोन, वर इंग्रजी अक्षरं. त्या तुकडीनं तिथं निशाण रोवलं होतं म्हणून गावकऱ्यांनी खडकाला ते नाव दिलं. तेव्हापासून आसपासची कुठलीही मोजणी त्या चौकोनावर स्टाफ ठेवूनच सुरू व्हायची.

चिमाआबा सांगत होते, "चारीचा वरचा तुकडा धरणाच्या खुणेवरून मोजलेला, खालचा आम्ही निशाणखडकावरून. दोन्ही तुकडे जिथं जुळले तिथं खालचा चौतीस सेंटिमीटर वर निघाला. परतीची मोजणी केली असती तर तेव्हाच कळलं असतं, पण पाऊस तोंडावर होता, ठेकेदार म्हणाला राहू द्या. पुढच्या तीन वाड्यांना पाणी नाही. मग हिशेब मागे मागे नेला तो इथं आला. या ओळीवर. मी एक पाचशे पंच्याऐंशी वाचायला पाहिजे होतं, वाचलं एक दोनशे पंचेचाळीस. असं ते म्हणाले."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? सहादूला विचारलं, खुणेवरच होता ना रे स्टाफ? तो म्हणाला, हो दादा. मग राहिलं कोण? माझा डोळा." त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. "तुझ्या बापानंच मला नाशिकला डॉक्टरकडं नेलं. दोनदा. डॉक्टर म्हणाला डोळे ठणठणीत आहेत. मी म्हणालो, तरी चष्मा द्या. झिरो नंबरचा का होईना. आता डोळे गेलेच आहेत, त्याचं काही नाही. पण डोळे मिटले की अजून तो स्टाफ दिसतो, आणि त्याच्यावर एक दोनशे पंचेचाळीसच दिसतं. तू शिकलीस. तेव्हा माझी नजर चुकली होती का, एवढं मला सांग."

बाबा पाणी प्यायला म्हणून उठून बाहेर गेले. भरलेला तांब्या त्यांच्या पुढ्यातच होता.

परतीच्या एस.टी.त मी आकडे तपासत बसले. स्टाफ वाचताना माणूस चुकतो, पण त्याच्या चुकीला एक वळण असतं. पूर्ण मीटरचा आकडा चुकतो, दहा सेंटिमीटरचं घर चुकतं, क्वचित पाचाचं. चूक पुऱ्या आकड्याची येते. चौतीस ही वाचण्यातली चूक वाटत नव्हती. ती दोन जागांमधली उंची वाटत होती. खडकाचा तुकडा निघाला असेल, कुणी सुरुंग लावला असेल, असं मला वाटलं. मी बाबांना तसं म्हणाले.

"तिथं जाऊ नकोस," ते म्हणाले.

"का?"

"म्हातारा माणूस आहे, बोलतो. आता काय उपयोग?"

"त्यांना उपयोग आहे ना."

बाबांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. निफाड गेलं, ओझर गेलं, तरी ते तसेच ताठ बसून होते. मला वाटलं, पाठ धरली असेल.

गुरुवारी मी गेले. गिरणाऱ्याच्या पुढे आत एक रस्ता जातो, त्याच्या टोकाला मोहोरवाडी. स्कूटीवर दोन मीटरचा अॅल्युमिनियमचा पट्टा आडवा बांधून नेणं अवघड होतं, पण त्याहून साधं साधन नव्हतं. गवंडी ओटा घालताना वापरतात तो पट्टा, पाण्याच्या बुडबुड्याची लेव्हल आणि टेप. दीड-दोन मीटर अंतरातली उंची यानं दोन मिलिमीटरपर्यंत नेमकी मिळते.

डोंगराची सोंड चढायला पाऊण तास लागला. खडक काळा, जागोजागी बुडबुड्यांच्या पोकळ्या, काही पोकळ्यांत पांढरे स्फटिक. लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या वायूच्या या जागा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा दगड आणि त्याच्यावर माणसानं कोरलेली दीडशे वर्षांची खूण बघायची म्हणून मी खुशीत होते. सोंडेवर पोचले आणि थांबले.

खूण शाबूत होती. ती शेंदरात होती.

खडकाभोवती गुडघाभर उंचीचा दगडी कठडा होता. आत चौकोनावर शेंदराचे थरावर थर, त्यावर दोन चांदीचे डोळे, पुढे नारळाच्या करवंट्या. वरची इंग्रजी अक्षरं शेंदरातून अर्धी दिसत होती. बाजूला, दीड मीटरवर, त्याच खडकाचा एक उंचवटा होता, वरून सपाट आणि कोरा.

"काय मोजती गं पोरी? कुणाची जमीन जायची हाय?"

एक म्हातारी तेलाची बाटली घेऊन मागून वर आली होती. मोहोरवाडीच्या अक्काबाई. देवाचं तेलपाणी त्यांच्याच घराकडे होतं, हे त्यांनी बसता बसता सांगितलं.

"जमीन नाही, आजी. दगड बघायला आले."

"दगड नाय त्यो. निशाणबाबा हाय."

"याच्यावर काहीतरी लिहिलंय ना?"

"हाय ना. गोरा सायेब आला व्हता, त्याला सपनात दिसला. मंग त्यानं देवाचं नाव लिव्हलं. विंग्रजीत."

मला हसू आलं, त्याही हसल्या. मग त्यांनी विचारलं, "नाव काय तुझं?"

"पायल."

"आडनाव?"

मी सांगितलं. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, मग तेलाच्या बाटलीचं बूच काढू लागल्या.

"माझा सासरा असता तर तुला कठड्याच्या आत येऊ दिलं नसतं," त्या साध्याच आवाजात म्हणाल्या. "लय कडक. येकदा मोजणीवाल्यांचा पोऱ्या आला व्हता, ही एवढी उंच रंगीत काठी घेऊन. ती बाबाच्या डोक्यावर टेकवायला निघाला. म्हाताऱ्यानं आडवला. नाव इचारलं, वस्ती इचारली. हातात कोयता. म्हणाला, बाबाला शिवू नको."

"मग?"

"मंग काय? पोऱ्या काय बोललाच नाय. खाली बघितलं, काठी उचलली अन् तिथं ठेवली." त्यांनी हनुवटीनं तो कोरा उंचवटा दाखवला. "मंग पल्याडच्या माणसाला हात केला. असा, वर. मी तवा नवी नवरी. पाण्याचा हंडा घेऊन उभी व्हते. त्याचं तोंड असं झालं व्हतं, मला वाटलं पाणी द्यावं. पर सासऱ्यानं डोळे वटारले."

आता मोजायची गरज उरली नव्हती. तरी मी पट्टा काढला. पट्ट्याचं एक टोक उंचवट्यावर ठेवलं, दुसरं देवाच्या वर अधांतरी येईल असं धरलं आणि टेपाचं टोक हातात घेऊन थांबले.

"टेकव की," अक्काबाई म्हणाल्या. "सासरा गेला. बाबा सोता काय कुणाला बोलत नाय."

"तुम्हीच धरा."

त्यांनी पदराला हात पुसले आणि टेपाचं टोक शेंदरावर धरलं. मी बुडबुडा मधोमध आणला. बत्तीस पूर्णांक दोन. पण हा शेंदराचा माथा होता. चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात थर निघाला होता आणि मूळ दगड उघडा होता. तिथं मोजलं. चौतीस पूर्णांक एक. पुन्हा मोजलं, चौतीस. पुन्हा, चौतीस पूर्णांक दोन. तिन्ही आकडे मी वहीत लिहिले.

निघताना, सोंडेवरच पलीकडे दुर्बीण जिथं लावली असेल त्या सपाटीवर मी थांबून मागे बघितलं. कठडा दिसत होता. त्याच्या आड पट्टीचा पाय कुठं टेकलाय हे कुणालाच दिसलं नसतं. आणि दुर्बिणीत स्टाफचा हातभर तुकडाच दिसतो. बाकी भरवसा वर केलेल्या हातावर.

घरी बाबा टीव्हीसमोर बसले होते. माझ्या चपलांना लागलेली लाल माती बघून त्यांनी टीव्ही बंद केला.

"अक्काबाई म्हणून आहेत तिथं," मी म्हणाले. "त्या तेव्हा नवी नवरी होत्या. त्यांना तुम्हाला पाणी द्यायचं होतं."

बाबांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत मी उभी राहिले. राखेत काम केल्यापासून त्यांचा खोकला असाच लांबतो.

"कोयत्याला मी घाबरलो नव्हतो," अखेर ते म्हणाले. "घाबरलो असतो तर सांगितलं असतं दादांना. त्यानं नाव विचारलं आणि माझी मान आपोआप खाली गेली. आपोआप, पायल. आदल्या रविवारी दादांनी आम्हाला वस्तीत बसवून सांगितलं होतं, कुणापुढं मान खाली घालायची नाही. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या. आठ दिवसही झाले नव्हते. कोणत्या तोंडानं सांगू?"

"पण त्यांना काढलं तेव्हा?"

"तेव्हा पाच महिने झाले होते. हो म्हणून बसलो होतो." ते हाताच्या रेषांकडे बघत होते. "मला वाटलं होतं, डॉक्टर म्हणेल डोळे चांगले आहेत, मग दादांना पटेल. म्हणून नेलं. दोनदा नेलं."

एका माणसाला त्याचे डोळे चांगले आहेत हे पटवायला, खरं सोडून उरलेलं सगळं बाबांनी केलं होतं.

"तू सांग त्यांना," बाबा म्हणाले.

"मी दगडाचं सांगेन. बाकीचं तुम्ही."

त्या रविवारी आम्ही पेढे नेले नाहीत. लताबाई चहाचं आधण ठेवायला आत गेल्या. बाबा उंबऱ्याच्या आत आले, पण बसले नाहीत. मी चिमाआबांना खडक सांगितला, चौकोन, शेंदूर, उंचवटा. मग बाबा बोलले. चार-पाच वाक्यंच. कोयत्याचा उल्लेख त्यांनी केला नाही, तो मी केला.

बाहेर कांद्याचा ट्रॅक्टर गेला, त्याची धडधड पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आली.

"किती भरलं?" त्यांनी मला विचारलं.

"चौतीस पूर्णांक एक."

"हा एक कुठला?"

"माझ्या टेपाचा असेल."

"असेल." त्यांनी मान हलवली. "सहादू."

"हां, दादा."

"मान खाली गेली ती गेली. कोयत्यापुढं मी काय केलं असतं, मला तरी काय ठाऊक? पण तू माझ्याकडं येऊन एवढंच म्हणाला असतास ना, दादा, खुणेवर नाही, शेजारी ठेवलाय. मी तिथं आलो असतो. देवाला हात न लावता, लांबून, दोरी धरून तेवढा फरक मोजला असता. वहीत लिहिला असता. दोन मिनिटांचं काम होतं रे. असं रोज करायचो आपण. कुठं झाड आडवं यायचं, कुठं विहीर. नाही का करायचो?"

"करायचो, दादा."

"दोन मिनिटं," चिमाआबा पुन्हा म्हणाले. "आणि डॉक्टरकडं पण तूच घेऊन गेलास. एस.टी.त शेजारी बसून."

चिमाआबांनी पेटीतून वही काढून माझ्यापुढे धरली. "पान सतरा. आकडा खोडू नको, आकडा खरा आहे. शेऱ्याच्या रकान्यात लिही."

मी पेन काढलं. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. स्टाफ खुणेवर नव्हता. शेजारच्या खडकावर, ०.३४ मीटर वर. रकाना अरुंद होता, अक्षर बारीक काढावं लागलं.

"खाली धरणाऱ्याचं नाव पाहिजे," ते म्हणाले.

माझा हात थांबला. बाबा पुढे आले आणि माझ्या हातातून पेन घेतलं. खाली बसून, वही गुडघ्यावर घेऊन त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, हजेरीच्या पुस्तकात लिहितात तसं, आडनाव आधी. मग तारीख. आजची लिहिली, आणि मागच्या पानावरून बघून तेव्हाचीही लिहिली.

चिमाआबांनी वही परत घेतली. बोटानं तो रकाना चाचपला, ओली शाई बोटाला लागली असावी. मग चष्मा काढला, मिटला आणि पेटीत, वहीवर ठेवला. चष्म्याशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. नाकाच्या दोन्ही बाजूंना खोल खड्डे पडले होते.

"तो उभा आहे का बसलाय?" त्यांनी मला विचारलं.

"उभे आहेत. दारापाशी."

त्यांनी दाराच्या दिशेनं तोंड केलं. उजवा तळहात उंच नेला आणि सावकाश खाली आणला.

लताबाई कपबशा घेऊन बाहेर आल्या. त्यांना ती खूण माहीत नव्हती. "काका, बसा की, चहा गाळलाय," त्या म्हणाल्या. बाबा तोवर चपला घालत होते.